‘उरेल तो’ रंग नको!

प्रत्येकीच्या घरात एक गाठोडं असतंच. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या दिवाणात, तर कुणाच्या शिलाई मशीनच्या खाली सरकवलेलं. जुन्या लुगड्यात घट्ट बांधलेलं. त्यात काय नसतं! ब्लाऊज बेतून उरलेले तुकडे, सासूबाईंच्या पातळाचा चांगला राहिलेला पदर, मुलीच्या फ्रॉकचा घेर, मुलाचा शाळेचा शर्ट, ओटीत आलेले आणि कधीच न शिवलेले ब्लाऊजपीस... दिवाळीच्या साफसफाईत हे गाठोडं खाली येतं, उघडलं जातं आणि ‘कधीतरी गोधडी करू’ असं म्हणत पुन्हा माळ्यावर जातं. वर्षानुवर्षं!

टाकवत नाही आणि वापरवतही नाही, अशी त्याची गत. टाकवत नाही, कारण आपल्या आया-आज्यांनी चिंधीलासुद्धा किंमत असते हे शिकवलंय. कृष्णाचं बोट कापलं तेव्हा द्रौपदीने अंगावरचं भारी वस्त्र फाडून चिंधी बांधली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आणि वापरवत नाही, कारण त्या ढिगाकडे बघितलं की काही सुचत नाही. लाल फुलांशेजारी हिरव्या चौकटी, त्याला लागून जांभळे ठिपके. डोळ्यांना नुसता गलका!

मैत्रिणींनो, या गलक्यावर एक सोपा उपाय आहे. आमच्या गावच्या महिला मंडळात आम्ही तो करून पाहिलाय. गाठोडं सोडायचं आणि सगळं एकदम वापरायला न जाता त्यातला फक्त एक रंग निवडायचा. हिरवा तर हिरवाच. निळा तर निळाच. त्या एका रंगाच्या जेवढ्या छटा हाती लागतील तेवढ्यांचे लहान लहान चौकोन शिवायचे आणि ते जोडून गोधडी करायची. परदेशातल्या क्विल्ट करणाऱ्या बायका अशा चौकोनाला ‘ब्लॉक’ म्हणतात. आपण चौकोनच म्हणू.

आता कुणी म्हणेल, ‘अहो, गोधडी म्हणजे नाना रंगांचीच असते!’ बरोबर आहे. आपल्याकडे गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, बाळाचं दुपटं म्हणा, हाताला येईल तो तुकडा लावत जाण्याचीच रीत. त्याची मजा वेगळीच, आणि ती मोडा असं मी मुळीच म्हणत नाही. पण आता घरोघरी गुळगुळीत, वाघाच्या नाही तर गुलाबाच्या चित्रांची ब्लँकेटं आली आहेत. नव्या सुनेला, शहरात राहणाऱ्या लेकीला ‘चिंध्यांची गोधडी’ दाखवायला आपल्यालाच संकोच वाटतो. तीच गोधडी एका रंगाच्या घराण्यात बांधली, की बघणारी आधी विचारते, ‘हे कुठून आणलं हो?’ तुकडे तेच, सुई-दोरा तोच. फरक फक्त निवडीचा.

रंगाचं घराणं

एक रंग म्हणजे एकच छटा नव्हे. साडीच्या दुकानात आपण काय करतो ते आठवा. दुकानदार हिरवी साडी टाकतो, आपण म्हणतो, ‘हा नको, जरा मेंदीकडे जाणारा दाखवा.’ रंगांची जेवढी नावं आपल्या तोंडी आहेत, तेवढी पुरुषांना बापजन्मी ठाऊक नसतात! हिरव्याच्या घरात पोपटी, पिस्ता, मेंदी, शेवाळी, हिरवाकंच, बाटलीचा हिरवा. लालाच्या घरात कुंकवाचा, डाळिंबी, किरमिजी, विटकरी आणि गुलाबीपर्यंत उतरत जाणारे. निळ्याच्या घरात आकाशी, चिंतामणी, गणवेशाचा गडद निळा. जांभळ्यात वांगी, आमसुली, अंजिरी. पिवळ्यात लिंबू, हळदी, मोहरीच्या फुलाचा. मोरपंखी मात्र निळ्याकडचा की हिरव्याकडचा, यावर आमच्या मंडळात अर्धा तास वाद झाला. शेवटी ठरलं, तो दोन्ही घरचा पाहुणा. कुठेही बसवा, पण थोडाच!

हे सगळे तुकडे येणार कुठून? आपल्या घरातून तर येतातच. पण एका रंगाची गोधडी घालायची तर गावातल्या लेडीज टेलरशी मैत्री करा. त्यांच्याकडे रोज नाना छटांचे ब्लाऊज बेतले जातात आणि टू बाय टू रुबियाचे, पॉपलीनचे तुकडे पोत्याने बाजूला पडतात. ‘मॅचिंग सेंटर’वाल्याने साडीला जुळवून दिलेली ती प्रत्येक छटा शेवटी टेलरच्या पोत्यात असते. आमच्या इथल्या टेलरताई आधी हसल्या. म्हणाल्या, ‘न्या बाई, मला तेवढीच जागा मोकळी.’ आता त्याच हिरवं वेगळं, निळं वेगळं काढून ठेवतात.

गाठोडं सोडल्यावर पहिलं काम निवडायचं. तांदूळ निवडतो तसंच. सतरंजीवर सगळं पसरा आणि रंगाप्रमाणे ढीग करा. कुठला ढीग मोठा होतो ते बघा. बहुतेक घरांत एखादा रंग उगाच जास्त निघतो. आपण इतकी वर्षं नकळत कुठला रंग घेत आलो, हे त्या दिवशी कळतं!

मग कापडाचा पोत बघा. सुती सुतीबरोबर ठेवा. सिंथेटिक तुकडा सुतीशेजारी लावला, तर धुतल्यावर सुती आखडतं, ते नाही, आणि चौकोन सुरकुततो. विरलेलं कापड वर लावू नका. उजेडात धरलं आणि आरपार दिसलं, की ते आत भरायला ठेवा. तिसरी गोष्ट रंग जाण्याची. लाल आणि गडद निळा हे दोघं मोठे लबाड. प्रत्येक नवा तुकडा कोमट पाण्यात भिजवा आणि ओला असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. फडक्यावर डाग उमटला, तर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. तरीही रंग सुटतच राहिला तर तो तुकडा सरळ बाजूला काढा. बाळाच्या दुपट्यात तर तो नकोच. पाण्यात मीठ टाकलं की रंग पक्का होतो, असं आपण ऐकलेलं असतं. आजच्या तयार कापडाच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नका.

फिकट, मध्यम, गडद

आता खरी गंमत. एका रंगाची गोधडी चांगली दिसते की सपाट, हे रंगावर ठरत नाही. फिकट आणि गडद यांच्या मांडणीवर ठरतं. सगळेच तुकडे मध्यम छटेचे घेतले, तर लांबून ते सारवलेल्या भिंतीसारखं एकसारखं दिसतं. मेहनत सगळी वाया! म्हणून निवडलेल्या ढिगाचे पुन्हा तीन ढीग करा : फिकट, मध्यम आणि गडद.

हे ओळखणं दिसतं तेवढं सोपं नसतं. पोपटी रंग डोळ्यांत भरतो म्हणून गडद वाटतो, पण असतो फिकट. त्यासाठी एक युक्ती. तुकडे शेजारी शेजारी मांडा, चार पावलं मागे या आणि डोळे किलकिले करून बघा. जे एकमेकांत मिसळले ते एका ढिगातले. जो वेगळा उठून दिसला तो दुसऱ्या ढिगातला. हल्ली तर आणखी सोपं झालंय. मोबाईलवर फोटो काढायचा आणि तो काळा-पांढरा करायचा. रंग निघून जातो, उरतो फक्त उजेड आणि अंधार. मुलांना सांगा, एका मिनिटात करून देतात!

छापाचंही तसंच. सगळी मोठी फुलं किंवा सगळे बारीक ठिपके घेऊ नका. थोडं प्लेन, थोडं बारीक, थोडं मोठं आणि एखादी चौकट किंवा रेघ. स्वयंपाकात जसं एका ताटात कोरडं, पातळ आणि चटणी लागते, तसं. आणि चटणीसारखाच एक परका तुकडाही चालतो. हिरव्यात चिमूटभर लाल, निळ्यात इवलासा पिवळा. पण चटणीएवढाच! त्याने मूळ रंग उलट जास्त खुलतो.

तीन चौकोन, तीन तऱ्हा

पहिला चौकोन नऊ घरांचा. प्रत्येकी अडीच इंचांचे नऊ तुकडे कापा. पाच गडद आणि चार फिकट. तीन-तीनच्या ओळी करून आडव्या-उभ्या आलटून पालटून जोडा. पाव इंच शिवणीत गेलं, की जोडलेला चौकोन साडेसहा इंचांचा होतो आणि गोधडीत बसल्यावर सहा इंच दिसतो. शिवणीची पाव इंच मात्र पक्की हवी. एकीची पाव आणि दुसरीची अर्धा इंच झाली, तर चौकोन एकमेकांना मिळत नाहीत.

दुसरा चौकोन पट्ट्यांचा. अगदी चिंचोळे, तिरकेतारके तुकडे असतील तर हाच करा. जुन्या पातळ धोतराचा किंवा ओढणीचा साडेसहा इंचांचा चौकोन तळाला घ्या. मधोमध कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी एक पट्टी सुलटी ठेवा. तिच्यावर दुसरी पट्टी उलटी ठेवून कडेने शिवा आणि उलगडून बोटाने दाबा. मग तिसरी. असं करत दोन्ही कोपरे भरा आणि बाहेर आलेलं कापून टाका. यात बोटभर रुंदीची चिंधीसुद्धा कामी येते. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी, कारण चुकायला जागाच नाही!

तिसरा चौकोन भोवतीच्या भिंतींचा. मधे दीड इंचाचा एक तुकडा ठेवायचा, देवघरातल्या दिव्यासारखा. त्याच्याभोवती दीड इंच रुंदीच्या पट्ट्या एकेक करून फिरवत लावायच्या. शेजारशेजारच्या दोन बाजूंना फिकट, उरलेल्या दोन बाजूंना गडद. तीन फेऱ्या झाल्या की बसवलेला चौकोन सात इंचांचा दिसतो. अर्ध्यावर ऊन, अर्ध्यावर सावली. असे चौकोन फिरवून फिरवून जोडले, की त्यातून पायऱ्या, शंकरपाळे, नांगराच्या तासासारख्या तिरक्या रेघा, काय वाट्टेल ते निघतं. आणि हे सगळं एकाच रंगात!

सहा इंचांचे छत्तीस चौकोन झाले की तीन फूट बाय तीन फुटांचं बाळाचं दुपटं होतं. रोज एक चौकोन केला तर सव्वा महिन्याचं काम. मोठ्या माणसाची पाच फूट बाय साडेसात फुटांची गोधडी हवी, तर दीडशे चौकोन लागतात. ते एकटीने न करता चौघींत वाटून घ्यावेत. पुढचं आपल्याला माहीत आहेच. खाली जुनी नऊवारी, मधे मऊ झालेल्या साड्या, वर हा जोडलेला पट्टा. जमिनीवर ताणून पसरायचं, कडेकडेने बसायचं आणि धावदोरा घालत आत आत सरकायचं. दोरासुद्धा त्याच रंगाचा घेतला तर टाके कापडात मुरतात. पांढरा घेतला तर टाक्यांची नक्षी दिसते. दोन्ही छान.

आक्कांचा लाल

इथवर वाचून वाटेल, की हा फक्त शिवणकामाचा विषय आहे. मलाही तसंच वाटलं होतं. पण मंडळात पहिल्या दिवशी रंग वाटून घेताना जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही बाराजणी होतो. मध्यभागी टेलरताईंचं पोतं रिकामं केलेलं. प्रत्येकीने एक रंग घ्यायचा होता. तुम्हाला काय वाटतं, बायका तुटून पडल्या असतील? छे! ‘तू आधी घे गं’, ‘मला कुठलाही चालेल’, ‘आधी तुमचं होऊ दे’. दहा मिनिटं हेच चाललं. आमच्या गटातल्या सगळ्यांत मोठ्या आक्का तर हात मागे घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या. मी विचारलं, ‘आक्का, तुम्ही कुठला घेताय?’ त्या म्हणाल्या, ‘मला काय करायचाय रंग? उरंल त्यो दे.’

उरेल तो! हा शब्द आपल्या किती ओळखीचा आहे. उरेल ती पोळी, उरेल तो वेळ, उरतील ते पैसे. आणि आक्कांच्या बाबतीत त्याला आणखी एक पदर होता. त्यांचे मालक जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या अंगावर मोतिया, राखाडी, फार तर फिकट निळी साडी. कुणी सक्ती केली असं नाही. पण कुणी सांगावंही लागलं नाही. हिरवी साडी आणि चुडा नवरीचा, कुंकवाचा लाल सवाष्णीचा, हे आपल्याकडे न सांगताच ठरलेलं असतं. नवरात्रात वर्तमानपत्रात नऊ दिवसांचे नऊ रंग छापून येतात, बायका हौसेने त्या रंगाच्या साड्या नेसून फोटो काढतात. त्या फोटोत आक्का नसतात.

त्या दिवशी त्यांनी पांढरट तुकडे घेतले. आम्हीही काही बोललो नाही. पण पुढच्या आठवड्यात आल्या, त्या पिशवीतून लालाचा ढीग काढतच. घरचं गाठोडं त्यांनी सोडलं होतं. म्हणाल्या, ‘लेकीला सातवा लागलाय. नातवंडाला दुपटं घालती. लालच घालती.’ आणि काय सांगू मैत्रिणींनो, आम्ही डोळे किलकिले करून, फोटो काढून जे शिकत होतो, ते त्यांच्या हाताला आधीपासून येत होतं. डाळिंबीशेजारी विटकरी, त्याला लागून फिकट गुलाबी, मधे कुंकवाचा ठिपका. पोरीबाळींनी विचारलं, ‘आक्का, हे कुठं शिकलात?’ त्या म्हणाल्या, ‘शिकायचं काय त्यात? बारा वरसं दुसऱ्यांच्या साड्याच बघत आली की मी.’

हसत म्हणाल्या. पण खोलीत कुणाला हसू आलं नाही.

दुपटं पूर्ण झालं. बारशाला एका नातेवाईक बाईंनी हलक्या आवाजात म्हटलंच, ‘बाळाच्या अंगावर पहिलं यांच्या हातचं नको घालायला.’ आक्कांनी ऐकलं. घडी करून ठेवायला निघाल्या. लेकीने काहीच वाद घातला नाही. तिने आईच्या हातून दुपटं घेतलं, पाळण्यात अंथरलं आणि त्यावर बाळाला ठेवलं. झालं! आक्कांच्या साड्या अजून फिकटच आहेत. एका दुपट्याने जग बदलत नाही, हे मलाही कळतं. पण गटात आता त्या ‘उरंल त्यो’ म्हणत नाहीत, एवढं खरं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं हे थांबवायचं, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव कागदावर होतो, तो घरात उतरायला वेळ लागतो. तो उतरण्याच्या वाटा लहानच असतात. एखादी वाट सुई-दोऱ्याचीही असू शकते.

तिकडच्या बायकांचंही तेच

बाईचं दुःख, रंग आणि गोधडी यांचं हे नातं फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत अलाबामा नावाच्या राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड हे गाव आहे. पूर्वी कापसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून राबवलेल्या काळ्या माणसांचे वंशज तिथे राहतात. तिथल्या मिसूरी पेटवे या बाईचा नवरा वारला, तेव्हा १९४२ साली तिने त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांची गोधडी केली. उन्हाने आणि धुण्याने विटलेले निळे, करडे, मातकट तुकडे. रंग तिने बाजारातून आणले नव्हते, नवऱ्याच्या कष्टांनीच ते तसे झाले होते. त्याची आठवण म्हणून ती गोधडी ती पांघरणार होती. या गावातल्या बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, मग न्यूयॉर्कला गेल्या आणि २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. ज्यांना घरात थंडी अडवायला केलं होतं, त्यांना लोक रांगा लावून बघायला आले!

जपानच्या उत्तर भागातलीही अशीच कथा. तिथे थंडी इतकी, की कापूस पिकतच नसे. दक्षिणेकडून जहाजांनी जुन्या सुती कापडाचे तुकडे यायचे, ते बहुतेक निळीने रंगवलेले. शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या बायका ते तुकडे ठिगळावर ठिगळ लावून जोडत. आईचं मुलीला, मुलीचं नातीला. त्यामुळे ती सगळी पांघरुणं आपोआपच एका रंगाच्या घराण्यातली : आकाशीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळे निळे. तिकडे त्यांना ‘बोरो’ म्हणतात, म्हणजे शब्दशः फाटकंतुटकं. गरिबीची लाज म्हणून एकेकाळी लपवून ठेवलेली ही पांघरुणं आता संग्रहालयांत जपून ठेवली जातात.

मला यातलं एक फार महत्त्वाचं वाटतं. त्या बायकांच्या हातात तुकडे उरलेलेच होते. पण कुठला तुकडा कुणाशेजारी ठेवायचा, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

किंमत किती सांगायची?

आता व्यवहाराचं बोलू. बचत गटांना यातून चार पैसे मिळू शकतात. एका रंगाची वस्तू विकायला सोपी जाते, कारण गिऱ्हाईक रंग सांगून मागणी करू शकतं. ‘मला निळ्यात हवं’ म्हटलं की काम ठरलं. पण किंमत सांगायची वेळ आली की आपण हमखास मार खातो. समोरची म्हणते, ‘चिंध्यांचंच तर आहे, त्याला एवढे?’ आणि आपण मान खाली घालतो.

म्हणून आम्ही एकदा तासांचा हिशेब वहीत लिहून काढला. एका चौकोनाला निवडणं, कापणं, शिवणं धरून साधारण अर्धा तास. छत्तीस चौकोनांचे अठरा तास. जोडणी, अस्तर, भरण आणि धावदोरा यांचे आणखी बारा. म्हणजे एका दुपट्याला तीस तास, आठ तासांच्या रोजाने जवळजवळ चार रोज. तुमच्या गावात खुरपणीला जाणाऱ्या बाईला आज जो रोज मिळतो, त्याला चारने गुणा. त्यात दोऱ्याचा आणि अस्तराचा खर्च मिळवा. येतो तो आकडा तुमची किमान किंमत. त्यात रंगांची जाण धरलेलीच नाही बरं! वही गिऱ्हाइकापुढे ठेवा. आमचा अनुभव असा, की निम्मी गिऱ्हाइकं निघून जातात आणि उरलेली निम्मी पैसे काढतात. गेलेल्यांचं वाईट वाटून घेऊ नका. चिंधी फुकट आली असेल, हात फुकट आलेले नाहीत.

आणि हो, आजीच्या, आईच्या साडीचे तुकडे विक्रीच्या मालात घालू नका. ते घरच्यांसाठी ठेवा. त्यांची किंमत कुठल्याच वहीत बसत नाही.

तर मैत्रिणींनो, या सुट्टीत तुमचं गाठोडं खाली काढा. सतरंजीवर पसरा. मुली, सुना, शेजारणी असतील तर त्यांनाही बोलवा. घरात एकटी राहणारी, समारंभात मागे बसणारी कुणी असेल, तर तिला आवर्जून बोलवा. रंग वाटताना तिला सगळ्यांत आधी विचारा, तुम्हाला कुठला आवडतो? आणि तिने ‘उरेल तो’ म्हटलं, तर घाई करू नका. ढीग तिच्यापुढे सरकवा आणि थोडा वेळ थांबा.